प्लगचे आटे: ट्रकच्या इंजिनातल्या एका भोकाचा इतिहास

संशोधनाच्या तयारीला लागलेल्या मुलामुलींकडून एक प्रश्न मला हमखास येतो. "ताई, विषय सुचलाय, पण त्यावर कागदच सापडत नाहीत. मग विषय बदलायचा का?" बदलू नका, असं मी लगेच म्हणत नाही. कधीकधी बदलावा लागतोच. पण त्याआधी एक काम करा. कागद नाहीत म्हणजे पुरावाच नाही का, हे तपासा. माझ्या बाबतीत पुरावा म्हणजे एक भोक होतं. पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडर हेडमध्ये स्पार्क प्लग जिथे पिळून बसवतात, ते भोक.

मी मुळात भौतिकशास्त्राची. एम.एस्सी. झाल्यावर तंत्रज्ञानाच्या इतिहासात पीएच.डी.ला आले. विषय कोकणातल्या मोटार दुरुस्तीचा. प्रगती अहवालाच्या वेळी समितीतल्या एका सरांनी विचारलं, "गॅरेजवाल्यांचा कसला इतिहास? साधनं कुठली?" मी गॅझेटिअरचं नाव घेतलं. रत्नागिरीचं १८८० चं जुनं गॅझेटिअर आहे आणि १९६२ ची सुधारित आवृत्तीही आहे. रस्ते, घाट, बंदरं, बाजार यांसाठी दोन्ही उत्तम. पण घाटात बंद पडलेली लॉरी कोणी आणि कशी चालू केली, यासाठी ती लिहिलेलीच नाहीत. सरांचा प्रश्न रास्त होता. मला तो फार झोंबला, हेही खरं.

आधी ते भोक म्हणजे काय ते समजून घेऊ. प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते, पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटतं आणि सिलिंडरमध्ये दाब एकदम वाढतो. समजा दाब चौरस सेंटिमीटरला ३० किलो झाला. १८ मिलिमीटर व्यासाच्या प्लगवर तो साधारण ७५ किलोचा धक्का देतो, आणि इंजिन चालू असताना हे मिनिटाला शेकडो वेळा होतं. हा सगळा भार पेलतात आटे, म्हणजे प्लगवरची आणि भोकातली पिळाची चक्री. प्लगची बरीचशी उष्णताही याच आट्यांमधून आणि बैठकीतून हेडमध्ये जाते. त्यामुळे आटे गेले की दोन गोष्टी बिघडतात. दाब गळतो, आणि प्लग नको तितका तापतो. आटे पूर्णच गेले तर प्लग चक्क उडून बॉनेटवर आदळतो.

आटे जातात कसे? प्लग वाकडा धरून पाना मारला की जातात. गरम इंजिनातून प्लग ओढून काढला की जातात. आणखी एक कारण आहे, जे मला पुस्तकांतून नाही, रत्नागिरीजवळच्या एका गॅरेजमध्ये कळलं. प्लगचे आटे जिथे संपतात तिथपर्यंतची लांबी सगळ्या प्लगांची सारखी नसते. लांब भोकात आखूड प्लग बसवला तर खालचे आटे उघडे राहतात आणि त्यांच्यात काजळी भरून घट्ट होते. गाडी चालते. काही महिन्यांनी कोणीतरी बरोबर लांबीचा प्लग आणून बसवतो, तो त्या काजळीत अडतो, माणूस जोर लावतो, आणि गेले आटे. म्हणजे चूक करणारा एक आणि भोगणारा दुसराच.

हे सांगणारे मेस्त्री आता सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांच्या टेबलाखाली टॅपची एक लाकडी पेटी होती. टॅप म्हणजे भोकात आटे पाडायचं पोलादी हत्यार. काका म्हणाले, यातले निम्मे त्यांच्या वस्तादाचे. मी अर्थातच व्हर्नियर काढला आणि एकेक टॅप मोजून वहीत लिहायला लागले. एका जाड टॅपचा व्यास आला २२.२ मिलिमीटर. पिच गेजचं १.५ चं पान त्यावर टेकवलं, बसल्यासारखं वाटलं. मी लिहिलं: "२२ × १.५, मेट्रिक". काका मागून बघत होते.

"बावीस कसलं गो, सात सुती हाय तो."

इथे थांबून हे नीट बघा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आपल्याकडचे सुतार, गवंडी, फिटर अजून सुतात बोलतात. चार सुती बोल्ट म्हणजे अर्ध्या इंचाचा. सात सुती म्हणजे ७/८ इंच, म्हणजे २२.२२५ मिलिमीटर. माझं मोजमाप चुकलेलं नव्हतं, मी .२ खाऊन टाकला होता. कारण माझ्या डोक्यात 'गोल आकडा म्हणजे मेट्रिक' असं बसलेलं. पिचचंही तेच. त्या टॅपवर इंचाला १८ आटे होते, म्हणजे पिच १.४११ मिलिमीटर. १.५ शी फरक फक्त ०.०८९. एका आट्यावर तो डोळ्यांना दिसत नाही, पण आठ आट्यांवर ०.७ मिलिमीटर होतो. गेजचं पान मी दोन आट्यांवर टेकवून उचललं होतं. आठांवर टेकवलं असतं तर ते बसलंच नसतं. आटे मोजायचे तर लांब मोजा. आणि जागच्या माणसाने वापरलेलं नाव आधी लिहून घ्या, आकडा मग.

सात सुती का महत्त्वाचं? कारण त्या एका मापावर प्लगच्या जगातली एक मोठी वाटणी दिसते. उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला प्लग बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्डने १९०२ मध्ये व्यवहारात आणला. त्याच सुमाराला फ्रान्सच्या द दिऑं-बूतॉं कंपनीच्या इंजिनांमुळे १८ मिलिमीटरचा प्लग युरोपात रूढ झाला. अमेरिकेने मात्र बराच काळ आपलं वेगळं चालवलं. फोर्ड मॉडेल टीच्या प्लगला तर अर्ध्या इंची नळाचे निमुळते आटे होते, अक्षरशः नळजोडणीवाल्याचे. नंतर अमेरिकेत ७/८ इंच, इंचाला १८ आटे, हे माप चाललं. मॉडेल ए मध्ये तेच. पुढे १८ आणि १९३० च्या दशकात १४ मिलिमीटरचा प्लग अमेरिकन आणि ब्रिटिश इंजिनांतही आला. गंमत बघा: ज्या इंजिनाचा प्रत्येक बोल्ट इंचात, त्यात प्लगचं भोक मिलिमीटरमध्ये. आणि त्या १४ मिलिमीटरच्या प्लगच्या आट्यांची लांबी परत इंचात, अर्धा किंवा पाऊण. एका बोटभर वस्तूत दोन मापपद्धती नांदतात.

आता दुरुस्तीकडे. १४ चं भोक गेलं तर काका काय करायचे? ते भोक मोठं करून त्यात १८ चा टॅप मारायचा. लेथवर एक बुश करून घ्यायचा, बाहेरून १८ चे आटे, आतून १४ चे. तो पिळून बसवायचा आणि कडेला पंचाचे दोनतीन घाव घालायचे, म्हणजे पुढच्या वेळी प्लगबरोबर बुशही बाहेर येणार नाही. १८ चं भोक गेलं तर? सात सुती टॅप. आत १८, बाहेर ७/८ इंच. मी गणित करून बघितलं. १४ आणि १८ मधल्या बुशची भिंत दिसायला दोन मिलिमीटरची, पण दोन्ही बाजूंच्या आट्यांची खोली वजा केली की सलग धातू उरतो जेमतेम एक मिलिमीटर. तेवढ्यावर ट्रक आंबा घाट चढायचा.

या दुरुस्तीची शिडी इतिहासाच्या उलट दिशेने जाते, हे तुमच्या लक्षात आलं असेल. प्लग काळाबरोबर बारीक होत गेला, सात सुतावरून १८ वर, १८ वरून १४ वर. दुरुस्ती मात्र १४ वरून १८ वर आणि १८ वरून सात सुतावर चढते. हा काही गूढ नियम नाही. जुन्या मापाचे टॅप पेटीत आधीपासूनच होते, आणि नवं भोक जुन्यापेक्षा लहान असल्यामुळे जुनं माप त्याच्यासाठी 'पुढचं माप' ठरलं. वस्तादाची पेटी टाकून का दिली नाही, याचं उत्तर यात आहे.

टॅप मारण्याची रीत काकांनी दाखवली तीही लिहून ठेवते. टॅपच्या खाचांत ग्रीस भरायचं, म्हणजे लोखंडाचा चुरा त्यात अडकतो, सिलिंडरमध्ये पडत नाही. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मध्येच बाहेर काढून पुसायचा, पुन्हा ग्रीस. वेळ असेल तर हेडच उतरवायचं. घाटात वेळ नसायचा.

त्यांच्या मागच्या अंगणात एक बिडाचं हेड पडलं होतं, सहा सिलिंडरचं. ओतीव नंबर गंजून गेलाय, त्यामुळे कंपनीचं नाव मी लिहीत नाही. सहापैकी दोन भोकांत बुश होते, पाचव्या आणि सहाव्या. आता हा पुरावा वाचायचा कसा?

बाहेर १८, आत १४ असा बुश सापडला तर त्याचे दोन अर्थ निघू शकतात. एक: मूळ भोक १४ चं होतं, आटे गेले, दुरुस्ती झाली. दोन: मूळ भोक १८ चंच होतं, पण १८ चे प्लग मिळेनात म्हणून बुश घालून १४ चे प्लग वापरले. पहिला अर्थ झिजेचा, दुसरा टंचाईचा. वस्तू तीच, इतिहास वेगळा. ओळखायचं कसं? आधी शेजारची भोकं बघा. सहाही सिलिंडरना बुश असतील तर ते बहुधा ठरवून केलेलं रूपांतर. एकदोनच असतील तर दुरुस्ती. मग बैठक बघा, म्हणजे प्लगचा वॉशर जिथे टेकतो तो सपाट भाग. कारखान्यात कापलेली बैठक भोकाशी नेमकी समकेंद्री असते. हाताने मोठं केलेलं भोक थोडं तरी सरकतं. माझ्यासमोरच्या दोन्ही बुशांची बैठक एका बाजूला अरुंद होती आणि उरलेल्या चार भोकांत १४ चे मूळ आटे शाबूत होते. म्हणजे दुरुस्ती.

आणि पाचवा-सहावाच का? काकांनी हेड बघितलंही नाही. "केबिनच्या बाजूचे ते. पाना सरळ जातच नाय." लांब इंजिनात मागचे प्लग केबिनच्या भिंतीजवळ येतात, हात तिरका पडतो, प्लग वाकडा लागतो. चालकाच्या आणि क्लीनरच्या शरीराची अडचण त्या दोन भोकांत कोरून राहिली आहे. हे मला कुठल्या अहवालात मिळालं असतं?

कागद अजिबात नको, असं मात्र समजू नका. भोक एकटं बोलत नाही. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी सुटली, हे आपण शाळेपासून ऐकतो. त्या सुरुवातीच्या काळातल्या गाड्या किती बनावटींच्या होत्या? दहा. शेव्हरोले, फोर्डसन, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, आल्बिअन, लेलँड, कॉमर आणि फियाट. ही यादी एसटीच्या इतिहासात कौतुकाने दिली जाते. तुम्ही ती फिटरच्या नजरेने वाचा. अमेरिकन गाड्यांचे आटे सेलर्सच्या पद्धतीचे, कोन ६० अंश, १८६४ पासूनची परंपरा. ब्रिटिश गाड्यांचे व्हिटवर्थचे, कोन ५५ अंश, १८४१ पासूनची. फियाट मेट्रिक. अर्ध्या इंचाच्या बोल्टला व्हिटवर्थमध्ये इंचाला १२ आटे, अमेरिकनमध्ये १३. पहिले दोनतीन फेरे एकमेकांत गोडीत जातात आणि मग अडतात. काही मापांत तर आट्यांची संख्याही सारखी, फक्त कोन वेगळा. तिथे बोल्ट आत जातो आणि हळूहळू आटे खातो. ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी समाईक आट्यांच्या करारावर सह्या केल्या त्या नोव्हेंबर १९४८ मध्ये, म्हणजे एसटी सुरू झाल्यावर पाच महिन्यांनी. महायुद्धात सुट्या भागांचा घोळ सोसल्यावर त्यांना हे सुचलं. आपल्याकडे मात्र त्या घोळाची फळं गाड्यांच्या रूपाने आधीच आली होती.

रत्नागिरीत याला वेगळीच धार होती. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली ती १९९८ मध्ये. तोवर बोट, नाहीतर घाटरस्ता. चिपळूणहून कराडला कुंभार्ली, रत्नागिरीहून कोल्हापूरला आंबा. युद्धकाळात पेट्रोलवर रेशन आल्यावर लोणारी कोळशाच्या गॅसवर गाड्या चालवल्या, मागे भट्टी लावून. जुन्या माणसांच्या तोंडी त्या गाड्यांच्या गोष्टी अजून आहेत. अशा गॅसबरोबर डांबर आणि राख येते, प्लग लवकर घाण होतात. घाण झाले की काढायचे, घासायचे, परत लावायचे. प्रत्येक काढघालीत आटे थोडे झिजतात. युद्धानंतर सैन्याच्या डिस्पोजलच्या गाड्या बाजारात आल्या. इथे माझा तर्क असा की प्लगच्या आट्यांची दुरुस्ती हे या दहापंधरा वर्षांत मेस्त्र्याचं नेहमीचं काम झालं असणार. 'असणार' हा शब्द मी मुद्दाम ठेवलाय. एका हेडवरून मी 'झालं' म्हणू शकत नाही. अजून पाच हेडं बघितली पाहिजेत.

आता माझ्या प्रस्तावातली चूक कबूल करते. त्यात मी ठोकून दिलं होतं की आटे दुरुस्तीचा इतिहास हेलिकॉइलपासून सुरू होतो. हेलिकॉइल म्हणजे शंकरपाळ्याच्या छेदाच्या पोलादी तारेचं वेटोळं. खराब आट्यांच्या जागी ते बसवतात, आणि त्यासाठी भोक दीडेक मिलिमीटरच मोठं करावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांत ते मोठ्या प्रमाणावर वापरलं गेलं, कारण तिथे धातू ॲल्युमिनियम, मऊ. शोध कधी लागला ते वाचलं, आणि त्यापुढे 'मग ते भारतात पसरलं' असं आपोआप लिहिलं गेलं. काकांच्या पेटीत हेलिकॉइलचं एकही हत्यार नव्हतं. त्यांना ते माहीत होतं, पण ट्रकचं हेड बिडाचं. बिडात लेथवरचा बुश चालतो आणि लेथ शेजारीच होता. डेव्हिड एजर्टन यांचं 'द शॉक ऑफ द ओल्ड' (२००६) मी वाचलेलं होतं. शोधांचा नव्हे, वापराचा इतिहास लिहा, हे त्याचं म्हणणं मी प्रस्तावाच्या पहिल्या पानावर दिलेलंही होतं. आणि पाचव्या पानावर शोधांचाच इतिहास लिहून ठेवला. तो परिच्छेद आता काढलाय.

ट्रकमधलं हे भोक मग गेलं कुठे? परदेशी जुळणी कारखाने निघून गेले. शिवडीला १९२८ पासून चाललेला जनरल मोटर्सचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. त्याच साली जमशेदपूरला टाटा-मर्सिडीजचा डिझेल ट्रक सुरू झाला. जुन्या पेट्रोल ट्रकांत पर्किन्सचं पी-सिक्स डिझेल इंजिन बसवण्याची चालही होती. डिझेलला ठिणगी लागत नाही, प्लग नाही, प्लगचे आटे नाहीत. ऑक्टोबर १९५८ पासून देशात मेट्रिक मापं टप्प्याटप्प्याने आली. टॅपच्या पेट्या टेबलाखाली सरकल्या. जीप, फियाट, अँबॅसिडर होत्या म्हणून त्या अगदीच विसरल्या गेल्या नाहीत.

मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा काकांच्या मुलाने ती पेटी भंगारात द्यायची ठरवली होती. पोलाद किलोवर जातं. मी त्याला थांबवलं नाही, मला तो अधिकार नाही. फक्त दोन दिवस मागितले, आणि प्रत्येक टॅपचा फोटो, व्यास, आठ आट्यांची लांबी आणि काका त्याला काय म्हणतात ते लिहून घेतलं. एकूण ३१ टॅप. त्यातल्या सात टॅपना काकांनी सुतातलं नाव दिलं, चारांना गाडीचं. एकाला ते नुसतं "वस्तादाचा" म्हणाले. तो कशासाठी होता ते त्यांनाही आठवेना. माझ्या तक्त्यात त्याचा रकाना तसाच ठेवलाय.

पेटी अजून तिथेच आहे. कारण वेगळंच निघालं. रत्नागिरी जिल्ह्यात आता सीएनजी पंप आहेत आणि सीएनजीवरचे टेम्पो, ट्रक गॅरेजमध्ये येतात. सीएनजी दाबाने आपोआप पेटत नाही, त्याला ठिणगी लागते. त्यामुळे डिझेलच्या सांगाड्यावर बेतलेल्या इंजिनांत, इंजेक्टर असायचा त्या जागी परत प्लग आलाय, खोल विहिरीसारख्या भोकात. गेल्या महिन्यात अशाच एका गाडीचा प्लग अडकला आणि निघताना आटे घेऊन निघाला. मुलाने हेलिकॉइलचा संच मागवला, तो यायला चार दिवस. गाडीवाला दारात उभा. मग त्याने टेबलाखालची पेटी ओढली आणि बापाला विचारलं, "दादा, अठराचा खंयचा यातला?"

त्या हेडमध्ये बुशला पुरेल एवढी जाडी होती का, आणि तो किती किलोमीटर टिकला, हे मला पुढच्या फेरीत विचारायचंय. तोवर सरांसाठी साधनांची यादी नव्याने टाइप करतेय. गॅझेटिअर पहिल्या क्रमांकावर आहेच. चौथ्यावर लिहिलंय: टॅप, ३१ नग.